सीताबर्डी ते हानले : न दिसणाऱ्या द्रव्याचा माग

२७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी सीताबर्डीची धाकटी टेकडी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या अरब शिपायांनी जिंकली. आदल्या संध्याकाळपासून गोळीबार चालू होता. रेसिडेंट जेन्किन्सच्या हाताशी कंपनीची फौज दीड हजाराच्या आत होती आणि भोसल्यांची त्याच्या दहापटीहून अधिक. धाकटी टेकडी पडल्यावर मोठीवरच्या इंग्रजांचे काही खरे नव्हते. पण खालच्या मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ घातले, धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, अरबांची फळी विस्कटली आणि निकाल फिरला. पुढच्या महिन्यात नागपूर गेले. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली आणि पहाऱ्यात त्यांची अलाहाबादेकडे रवानगी झाली.

तिथे ते पोचलेच नाहीत. मे महिन्यात जबलपूरच्या अलीकडे एका मुक्कामावरून शिपायाच्या वेशात ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले. हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. पुढचे कित्येक महिने इंग्रजांच्या तुकड्या त्या डोंगरांभोवती फिरत राहिल्या. आप्पासाहेब हाती लागले नाहीत ते नाहीतच. पुढे अशीरगड, मग उत्तरेकडची भटकंती, आणि शेवटी जोधपूरच्या आश्रयाने १८४० मध्ये मृत्यू.

सीताबर्डीच्या लढाईविषयी नागपुरात पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे त्या डोंगरांविषयी लिहायचे आहे. पळणाऱ्या राजाला ते सोयीचे का होते? दाट सालवन, खोल दऱ्या, वाटा फक्त गोंड-कोरकूंना ठाऊक, आणि रात्र पडली की मैलोन् मैल एकही दिवा नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचे मोल पुढे पावणेदोनशे वर्षांनी काही माणसांना कळले. ती माणसेही एका न सापडणाऱ्याच्या मागावर निघालेल्या जमातीतली होती.

डोंगर म्हणजे अर्थात पचमढी. विदर्भातल्या माणसाला हे नाव सांगावे लागत नाही. नागपंचमीच्या आसपास नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांत वऱ्हाड-नागपूरचीच माणसे जास्त. इंग्रजांनी १८६० च्या दशकात कॅप्टन फोर्साइथच्या पाहणीनंतर इथे ठाणे वसवले. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा उन्हाळ्यात नागपूर तापले की प्रांताचे सरकार दप्तरासकट पचमढीला चढत असे. राज्ये गेली, प्रांत गेला, नागपूरची राजधानीही गेली. अंधार मात्र बराचसा शिल्लक राहिला.

१९८६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला एक गट उटीहून आपले बिऱ्हाड उचलून या अंधारात आला. हा गट गॅमा किरणांवर काम करणारा. पी. व्ही. रमणमूर्ती, पी. एन. भट, पी. आर. विश्वनाथ, बी. एस. आचार्य ही त्यातली नावे. पुढे वर्षा चिटणीसही त्यात आल्या. उटीला त्यांचे काम १९६९ मध्ये सुरू झाले होते, तेही सर्चलाइटचे जुने आरसे वापरून. आदल्याच वर्षी स्पंदकांचा, म्हणजे पल्सारांचा शोध जाहीर झाला होता आणि हे फिरणारे तारे गॅमा किरण सोडत असतील का, हे पाहायची घाई जगभर होती. बी. व्ही. श्रीकंठन यांच्यासारख्या विश्वकिरणांच्या जाणकाराचे पाठबळ होते. पैसा फारसा नव्हता, पण या विद्येला सुरुवातीला तो लागलाही नाही. १९५२ मध्ये इंग्लंडात हार्वेल इथे गॅलब्रेथ आणि जेली यांनी आकाशातले चेरेन्कोव्ह झोत पहिल्यांदा टिपले ते एका कचऱ्याच्या डब्यात आरसा आणि प्रकाशनळी बसवून.

चेरेन्कोव्ह झोत म्हणजे काय, हे थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. गॅमा किरण हा प्रकाशच, पण अतिशय ऊर्जावान. तो जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आपटून तो इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण करतो, त्यांतून पुन्हा गॅमा किरण, त्यांतून पुन्हा जोड्या, असा कणांचा वर्षाव होतो. हे कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जोरात धावतात आणि धावताना निळसर प्रकाश सांडतात. तो प्रकाश जमिनीवर येतो तो जेमतेम मीटरभर जाड आणि शे-सव्वाशे मीटर त्रिज्येच्या परातीसारखा. ही परात काही अब्जांश सेकंदांत आपल्या डोक्यावरून निघून जाते. डोळ्याला काहीही कळत नाही. चंद्र नसलेल्या रात्री, निरभ्र आकाशाखाली, मोठे आरसे आणि चपळ प्रकाशनळ्या लावल्या तरच ती पकडता येते. जवळ शहराचे दिवे असतील तर विषयच संपला.

पचमढीच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०७५ मीटर उंचीवर, या गटाने २५ दुर्बिणी मांडल्या : पाचांच्या पाच रांगा, ८० बाय १०० मीटरच्या आवारात. प्रत्येक दुर्बिणीवर ९० सेंटिमीटर व्यासाचे सात आरसे आणि प्रत्येक आरशाच्या नाभीपाशी एक प्रकाशनळी. एखाद्या दूरच्या दीर्घिकेकडे तोंड करून पंचवीसही दुर्बिणी रात्रभर तिच्यामागे हळूहळू फिरत. प्रकाशाची परात तिरकी आली तर एका कोपऱ्यातली दुर्बीण तिला आधी पाहणार, दुसऱ्या कोपऱ्यातली काही अब्जांश सेकंदांनी नंतर. एका अब्जांश सेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. या फरकावरून परात कोणत्या दिशेने आली ते काढायचे. जगातले बहुतेक गट तेव्हा वर्षावाचे चित्र काढण्याच्या मागे लागले होते. पचमढीवाल्यांनी वेळ मोजण्याचा रस्ता धरला. पावसाळ्यात काम बंद, पौर्णिमेच्या आसपास बंद, ढग आले की बंद. उरलेल्या रात्रींत जे मिळेल ते आपले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पचमढीच्या दुर्बिणी कृष्णद्रव्य, म्हणजे शीर्षकातले न दिसणारे द्रव्य, शोधायला बांधलेल्या नव्हत्या. त्यांचे लक्ष होते क्रॅब तेजोमेघावर, स्पंदकांवर आणि पोटात महाकाय कृष्णविवरे असलेल्या सक्रिय दीर्घिकांवर. पण गॅमा किरणांत कृष्णद्रव्याचा पुरावा शोधणे म्हणजे आधी बाकी सारे उगम ओळखून बाजूला काढणे. ते काम पचमढीसारख्या ठिकाणी शिकले जाते. आणि त्या शिक्षणात चकवेही येतात. १९८० च्या दशकात हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-३ कडून आणि निरनिराळ्या स्पंदकांकडून अतिऊर्जावान गॅमा किरण आल्याचे दावे अनेक देशांतल्या गटांनी केले. उटीच्या गटानेही १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये क्रॅब स्पंदकाच्या काही मिनिटांच्या उसळीची नोंद दिली. अधिक संवेदनशील दुर्बिणी आल्यावर अशा बहुतेक दाव्यांना दुजोरा मिळाला नाही. हा या विद्येचा कच्चेपणा होता, कुणाचा खोटेपणा नव्हे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने क्रॅब तेजोमेघ निर्विवादपणे पाहिला आणि विद्या पायावर उभी राहिली.

आता ज्याच्यासाठी ही धडपड, त्याच्याकडे वळू. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावताना दिसल्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्य नव्हते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या कडेचे वायुमेघही तसेच अवाजवी वेगाने फिरताना आढळले. काहीतरी वजनदार तिथे आहे आणि ते दिसत नाही. आजच्या हिशेबाने विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के असे आहे. पण ते कशाचे बनले आहे? विझलेले तारे, थंड वायू, खडक, असे अंदाज होते.

ते मूलकणांचे असू शकेल, विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या आणि कुणाशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या कणांचे, ही कल्पना ठोसपणे मांडणाऱ्यांत ज्याचे नाव घ्यावेच लागते तो माणूस १९४० मध्ये नागपुरात जन्मला. रामनाथ कौशिक. शिक्षण म्हैसूर आणि धारवाडचे, संशोधनाचे धडे टाटा संस्थेत विश्वकिरणांवर. १९७२ मध्ये ते बर्कलेला होते. तिथे जॉन मॅक्लेलंड यांच्यासोबत त्यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो आजही विश्वात ठासून भरलेले असणार. त्यांना वस्तुमान असेल तर त्यांचे एकत्रित गुरुत्व विश्वाच्या प्रसरणावर परिणाम करील. तो निरीक्षणांशी विसंगत ठरू नये असे वाटत असेल तर न्यूट्रिनोचे वस्तुमान ८ इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी हवे. सोव्हिएत संघात गेरश्टाइन आणि झेल्डोविच यांनी १९६६ मध्ये याच दिशेने गणित केले होते. पण कौशिक आणि मॅक्लेलंड पुढच्या वर्षी आणखी एक पाऊल टाकून गेले : काही इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचे असे न्यूट्रिनो कोमासारख्या समूहाला बांधून ठेवायला पुरतील. झ्विकींच्या कोड्याला मूलकणांचे उत्तर द्यायला सुरुवात इथून होते असे मी म्हणेन.

हे उत्तर पुढे जसेच्या तसे टिकले नाही. न्यूट्रिनो फार हलके आणि फार वेगवान, त्यांच्यापासून दीर्घिका घडत नाहीत. पण ‘आरंभापासून उरलेला, दुबळी आंतरक्रिया करणारा कण’ हा साचा राहिला. न्यूट्रिनोच्या जागी जड कण कल्पिला गेला, आणि जड म्हटल्यावर त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. असे दोन कण क्वचित एकमेकांवर आदळले तर दोन्ही नष्ट होतील आणि त्यांच्या ऊर्जेतून शेवटी गॅमा किरण निघतील. १९७८ मध्ये हे गणित मांडले गेले. विद्युतभारित विश्वकिरण चुंबकी क्षेत्रांत वळणे घेत येतात आणि कुठून निघाले ते विसरून जातात. गॅमा किरण सरळ येतो. जिथे कृष्णद्रव्य दाट तिथून जास्त. दाटी दुप्पट तर किरण चौपट, कारण आदळायला दोन कण लागतात. म्हणून आकाशगंगेचे केंद्र ही पाहायची पहिली जागा.

आणि गोंधळाचीही पहिली जागा. केंद्रात तारे आहेत, वायू आहे, स्फोटांचे अवशेष आहेत, कृष्णविवर आहे. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाला आकाशभर अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण दिसले होते, आणि २००५ मध्ये त्यावरून कृष्णद्रव्य सापडल्याचा दावाही झाला. जून २००८ मध्ये फर्मी उपग्रह वर गेला, त्याने तेच आकाश पाहिले, आणि ती जादा चमक तिथे नव्हतीच. पहिला दावा असा निकालात निघाला.

दुसरा मात्र अजून जिवंत आहे. २००९ च्या ऑक्टोबरात लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी फर्मीची खुली माहिती चाळून दाखवले की, आकाशगंगेच्या केंद्राभोवती काही गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांचा ढीग आहे आणि कोणत्याही ज्ञात उगमाच्या हिशेबात तो बसत नाही. त्याचा आकार, केंद्राकडे वाढत जाणारी दाटी, ऊर्जेची वाटणी, सारे कृष्णद्रव्याच्या वर्णनाशी जुळणारे. पुढे हूपर आणि सहकाऱ्यांनी हा पुरावा भक्कम असल्याचेच म्हटले. ढीग खरा आहे, याबद्दल आता फारसे दुमत नाही. वाद आहे तो कुणाचा, याचा.

आणि इथे प्रतिस्पर्धी उगम म्हणून पुढे येतो तो मिलिसेकंद स्पंदक. तो सापडला १९८२ मध्ये, पोर्तो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीत. शोधणाऱ्यांत डॉन बॅकर आणि श्रीनिवास कुलकर्णी. कुलकर्णींचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. ते तेव्हा बर्कलेलाच पीएच.डी. करत होते. सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा तो तारा भौतिकशास्त्रज्ञांना अचंबित करून गेला. असे तारे म्हातारे असतात, जुन्या ताऱ्यांच्या गर्दीत असतात आणि त्यांचे गॅमा किरणांचे वर्णपट कृष्णद्रव्याच्या अपेक्षित वर्णपटाशी चकित करण्याइतके मिळतेजुळते असतात. आकाशगंगेच्या केंद्रात असे काही हजार स्पंदक दडलेले असतील, एकेक वेगळा दिसण्याइतका तेजस्वी नसेल, तर सारा ढीग त्यांचाच. म्हणजे पाहा : कृष्णद्रव्य हे कणांचे असावे या कल्पनेच्या मुळाशी एक नागपूरचा, आणि त्याच्या पुराव्यावर शंका निर्माण करणाऱ्या ताऱ्यांच्या शोधाच्या मुळाशी एक कुरुंदवाडचा, दोघेही दहा वर्षांच्या अंतराने एकाच विद्यापीठात. मराठी मुलखाला ही नोंद ठाऊक असायला हवी होती, असे मला वाटते.

प्रतिस्पर्ध्याची माहिती गोळा करण्यातही आपला वाटा आहे. फर्मीला दिसलेल्या पण ओळख न पटलेल्या ठिपक्यांकडे नारायणगावाजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीचे तोंड वळवण्यात आले आणि त्यातून मिलिसेकंद स्पंदक सापडू लागले. भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला, आपल्या जोडीदार ताऱ्याला हळूहळू खाणारा पीएसआर जे१५४४+४९३७ त्यांतलाच.

पुढचा इतिहास थोडक्यात. २०१२ मध्ये क्रिस्टोफ वेनिगर यांनी १३० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर एक तीक्ष्ण रेषा दिसत असल्याचे सांगितले. तशी रेषा सामान्य ताऱ्यांकडून येत नाही, म्हणून खळबळ उडाली. माहिती वाढत गेली तशी रेषा विरत गेली. केंद्रातल्या ढिगाबद्दल २०१५-१६ च्या सुमारास दोन गटांनी संख्याशास्त्राने दाखवले की, प्रकाश एकसारखा पसरलेला नाही, ठिपक्याठिपक्यांचा आहे, म्हणजे स्पंदक. २०१९ मध्ये रेबेका लीन आणि ट्रेसी स्लॅटियर यांनी त्याच पद्धतीतली भोके दाखवली, आणि कृष्णद्रव्य पुन्हा चर्चेत आले. स्लॅटियर आधीच्या ठिपक्यांच्या निबंधाच्याही सहलेखिका होत्या. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी झाडाझडती घेणारे लोक या क्षेत्रात आहेत, म्हणून मला त्याबद्दल विश्वास वाटतो.

सर्वांत कडक कसोटी मात्र वेगळी आहे. आकाशगंगेभोवती बटू दीर्घिका फिरतात. त्यांत कृष्णद्रव्य भरपूर, पण वायू, नवे तारे, स्पंदक जवळजवळ नाहीत. तिथे गॅमा किरण दिसले तर पळवाट उरत नाही. फर्मीच्या चमूने २०१५ मध्ये सहा वर्षांच्या माहितीतून अशा पंधरा दीर्घिका तपासल्या. ठोस असे काही मिळाले नाही.

या सगळ्यात पचमढी मागे पडली, आणि त्याचे कारण साधे आहे. तिथल्या दुर्बिणींना सुमारे ७५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे किरण पकडता येत नव्हते, आणि वाद चालू होता तो त्याहून फार खालच्या ऊर्जेवर. कमी ऊर्जेच्या किरणाची परात फिकी असते. ती पकडायची तर वर्षावाच्या जवळ, म्हणजे उंचावर जायला हवे. उंच आणि अंधारी जागा तोवर देशात तयार झाली होती : लडाखमधले हानले. १९९२ ते २००३ या काळात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे संचालक असलेल्या रामनाथ कौशिकांच्या पुढाकाराने ती वेधशाळा उभी राहिली. टाटा संस्था आणि ही संस्था यांनी पचमढीचेच तंत्र तिथे नेले. २००८ मध्ये सात दुर्बिणींचा ‘हगार’ हा संच सुमारे ४,२७० मीटरवर चालू झाला. त्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या ईसीआयएलच्या मदतीने ‘मेस’ ही दुर्बीण उभारली. आरशाचा व्यास २१ मीटर, ३५६ आरसेफलक, कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशनळ्या. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या टोमोनोरी टोटानी यांनी फर्मीच्या पंधरा वर्षांच्या माहितीतून नवा दावा केला. आकाशगंगेच्या केंद्राभोवतीच्या प्रभामंडलात २० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी जादा चमक आहे आणि ती कृष्णद्रव्याची असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘कृष्णद्रव्य दिसले’ असे मथळे दिले. पण त्यांच्या कणांना जितक्या वेगाने नष्ट व्हावे लागते तितके झाले असते तर बटू दीर्घिकांतही काहीतरी दिसायला हवे होते, ही अडचण आहे. आणि ती त्यांनी स्वतःच नोंदवली आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी असा मथळा दिसला की दोन प्रश्न विचारा. हे किरण बटू दीर्घिकांकडूनही आले का? आणि वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या लोकांनी ते पाहिले का? आजवरच्या एकाही दाव्याला या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणता आलेले नाही.